वैनीची ओळ

मितेशने पाठवलेलं खोकं शर्मिष्ठाने शिरोड्याच्या स्टँडवरून रिक्षात घालून रेडीला घरी आणलं आणि आठवडाभर ते माजघरात तसंच पडून राहिलं. मितेश तिचा भाचा, मुंबईतल्या भावाचा मुलगा. लग्न ठरल्यामुळे त्याने खोली आवरायला काढली होती, आणि कधीकाळी गाण्याच्या नादापायी घेतलेलं सगळं सामान आत्याच्या नावाने रवाना केलं होतं. एक जुना लॅपटॉप, एक माइक, हेडफोन आणि माइक लॅपटॉपला जोडायची, बटणांची एक छोटी लाल डबी.

"आत्या, तू गातेस ना? मग घरीच रेकॉर्ड कर," तो फोनवर म्हणाला. "सॉफ्टवेअर टाकून दिलंय. यूट्यूबवर सगळं शिकता येतं."

"अरे, मी गात होते," शर्मिष्ठा म्हणाली. "आता कुठे गातेय?"

पण मितेशचं लक्ष दुसरीकडे होतं. मागून कोणीतरी त्याला पडद्यांचा रंग विचारत होतं.

शर्मिष्ठा हायस्कुलात हिंदी शिकवायची. पन्नाशीला टेकली होती. तरुणपणी लग्न जमलं नाही, आणि पुढे जमवायचंही राहून गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे, कारण घराच्या कुडणापलीकडे, कुंपणाला लागूनच, सुशीलावैनी होती. वैनी नात्याची कोणी नव्हती. शेजारच्या घरात सून म्हणून आली, म्हणून वैनी. दोघींनी मिळून गावात बायकांचं भजनी मंडळ उभं केलं आणि वीसेक वर्षं चालवलं. पेटीवर शर्मिष्ठा, टाळ वैनीकडे. शर्मिष्ठाने ओळ सोडायची आणि वैनीने ती उचलायची. चतुर्थीत फुगडीची गाणी असत, तेव्हा उलट व्हायचं. वैनी विचारायची, शर्मिष्ठा उत्तर द्यायची. कोणाचं काय हे कधी ठरवावं लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वैनीचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. नात लहान होती, सुनेची नोकरी होती. "सा म्हयन्यांनी येतंय गो," असं म्हणून, घराची चावी शर्मिष्ठाकडे देऊन, वैनी गाडीत बसली. मग नातीला शाळेत घातलं, येणं लांबतच गेलं, आणि फोनही हळूहळू कमी झाले. मंडळातल्या एकीचे गुडघे गेले, एक मुंबईला लेकाकडे गेली. मंगळवारी संध्याकाळी भजनाला शर्मिष्ठाच्या ओटीवर सतरंजी घालायची पद्धत होती. ती काही दिवस एकटीच घालत राहिली. एकदा घडी उलगडलेली तशीच परत कपाटात ठेवली, आणि त्यानंतर काढली नाही.

खोकं उघडलं ते एका रविवारी, काहीच करायला नव्हतं म्हणून. लॅपटॉप सुरू झाला. सॉफ्टवेअर उघडल्यावर पडद्यावर करड्या रंगाचं एक मोठं रिकामं मैदान आलं आणि कडेने बारीक बारीक चिन्हांची गर्दी. शर्मिष्ठाने चष्मा पुसला. एकही शब्द ओळखीचा वाटेना. तिने शोधून एक व्हिडिओ लावला. त्यातला मुलगा हिंदीत सारखा "बिल्कुल आसान है" म्हणत होता आणि त्याचा बाण पडद्यावर असा पळत होता, की तिला डास मारल्यासारखं व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवावा लागत होता.

पहिल्यांदा ती अख्खं गाणं म्हणाली. डोळे उघडून बघते तर पडद्यावर सरळ रेघ. काही उमटलंच नव्हतं.

"अगं, ट्रॅकवरचं छोटं लाल बटणपण दाबायचं," मितेश म्हणाला. "नुसतं खालचं मोठं दाबून नाही होत. कुठल्या ट्रॅकवर घ्यायचं ते त्याला सांगायला नको का?"

दुसऱ्यांदा उमटलं, पण ऐकताना सगळं फाटकं. तापलेल्या रेडिओसारखं. डबीवरचं एक बटण फार चढवून ठेवलं होतं, हे समजायला दोन दिवस गेले. ते उतरवलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. मध्यावर आणलं, तेव्हा कुठे तिचा आवाज तिच्यासारखा ऐकू आला. पण त्याच्या मागे सगळं रेडी गाव होतं. बंदराकडे खनिज घेऊन जाणारे ट्रक, शेजारच्या माडावरचे कावळे, पंख्याची घरघर. गावात राहून तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. माइकने सगळं ऐकलं होतं.

तिने आतली खोली निवडली. दोरी बांधून तीन बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि खिडकीला चादर लावली. पंखा बंद. ट्रकवाले जेवायला थांबत तेवढीच काय ती शांतता मिळायची, म्हणून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ती भर दुपारी त्या गोधड्यांत शिरून घामाघूम होत गायची. दारावरून जाणाऱ्या बायांनी पहिल्यांदा थांबून कानोसा घेतला. मग त्यांनाही सवय झाली.

गाणं एकच घेतलं होतं. वैनीच्या आईकडून आलेलं, फुगडीचं. तर म्हणजे पैलतीराला नेणारी होडी. तरीवाली विचारते:

*तर इली गो, तर इली, पैल तडीक कोण गो?*

आणि पलीकडच्या काठावरची बाई उत्तर देते:

*मी आसंय, मी आसंय, माका घेवन जा गो.*

दोघींशिवाय ते गाणं होत नाही. पण या यंत्राची खुबीच ती होती. एक ट्रॅक भरायचा, मग तो कानात ऐकत दुसरा भरायचा. माणसं नसली तरी एकट्या माणसाला दोघींचं गाणं करता येत होतं.

इथेच ती अडली. पहिली ओळ भरली, हेडफोन लावून तिच्यावर उत्तर दिलं, आणि ऐकलं तर उत्तर मागे पडलेलं. फार नाही, दारात अडखळावं तेवढं. पुन्हा म्हटलं. पुन्हा मागे. टाळ घेऊन बसली तर टाळही मागे. चार रविवार हेच. आयुष्यात तिची सम चुकली नव्हती. मंडळात कोणी घसरलं तर ती नुसत्या मानेने त्या बाईला जागेवर आणायची. आता आपल्याच आवाजाबरोबर आपल्याला चालता येत नाही, हे तिला फार लागलं. कोणाबरोबर न गाता दोन वर्षं काढली, ताल अंगातून गेला, असं तिच्या मनाने घेतलं. हे सांगायचं तरी कोणाला? तिने लॅपटॉपवर रुमाल घातला आणि त्या खोलीत जायचं बंद केलं.

शाळेच्या सहामाहीचे पेपर आले, तपासून झाले. मग एका दुपारी भाकरी खाताना तिने सहज फोनवर दुसरा एक व्हिडिओ लावला. यातले गृहस्थ वयस्क होते, हळू बोलत होते. ते सांगत होते, की आवाज माइकमधून आत जातो, यंत्र त्याचं गणित करतं आणि मगच तो कानात परत येतो. तेवढ्यात उशीर होतो. नवीन माणसाला वाटतं आपलंच चुकतंय.

शर्मिष्ठाने घास ताटात ठेवला. उठली, हात धुतला, रुमाल काढला. त्या उशिराचा त्यांनी सांगितलेला आकडा सेटिंगमध्ये शोधून तो कमी केला आणि डबीवरचं एक बटण फिरवलं, त्यामुळे स्वतःचा आवाज यंत्रात न जाता थेट कानात यायला लागला. मग गायली. उत्तर नेमकं जागेवर पडलं.

आनंदाने कोणाला तरी हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं, पण घरात कोणी नव्हतं. कुडणापलीकडच्या घराला कुलूप होतं.

त्या दिवसापासून तिला यंत्राची गोडी लागली. ओळ मध्येच चुकली तर सगळं पुन्हा म्हणावं लागत नाही, तेवढाच तुकडा नवा घेऊन जोडता येतो, हे कळलं. पंख्याची घरघर पुसायची युक्ती मिळाली. यंत्राला आधी नुसती घरघर ऐकवायची, मग तसल्या जातीचं जे काही सापडेल ते यंत्र गाण्यातून काढून टाकतं. शाळेतून येताना तिची पावलं भरभर पडू लागली.

पण गाण्यातली विचारणारी ओळ वैनीची होती. ती वैनीनेच म्हणावी, असं शर्मिष्ठाच्या मनात आलं. पुण्यात बसून म्हटली तरी चालणार होतं. तिने आपलं उत्तर आणि टाळ भरले, वैनीची जागा मोकळी ठेवली आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. सोबत बोलून ठेवलं, "वैनी, मोबाइलवर माझा आयकत तुझी ओळ म्हण, आणि माका धाडून दी. बाकीचा मी करतंय."

निळ्या खुणा आल्या. संध्याकाळी हात जोडल्याचं एक चित्र आलं.

आठवडा गेला. तिने पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, "बघूया." फोन केला तर सून दिव्याने उचलला. आई झोपल्यात म्हणाली. दुसऱ्यांदा केला तेव्हा, आई देवळात गेल्यात. दिव्याच्या बोलण्यात काहीतरी चोरटेपणा होता. तिसऱ्यांदा शर्मिष्ठाने फोन केला नाही. पुण्याला जाऊन माणसं बदलतात, असं ती स्वतःला सांगू लागली. वैनीला तिथे नवं मंडळ मिळालं असेल. चांगल्या शिकलेल्या बायका असतील. कोण बसतंय गावच्या फुगडीच्या गाण्यात?

राग आला की शर्मिष्ठा कामाला लागायची. तिने ठरवलं, वैनीची ओळही आपणच म्हणायची.

आपल्या गळ्याने म्हटली तर ती दोघींची वाटेना. एकच बाई स्वतःशी बोलतेय असं व्हायचं, आणि ते ऐकवत नसे. मग तिने वैनीच्या गळ्याने म्हणून बघितलं. वैनीचा आवाज जाड होता, सुपारीने थोडा खरखरीत झालेला. 'इली' म्हणताना ती किंचित खाली ढकलायची आणि शेवटचा 'गो' नाकात सोडायची. शर्मिष्ठाला ते सगळं पाठ होतं, पण कधी करून बघितलं नव्हतं. माइकपासून लांब बसून, हनुवटी छातीशी घेऊन, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. यंत्रात आवाज थोडा जाड करायची सोय होती, तीही वापरली. आणि एका रविवारी हेडफोनमध्ये पलीकडून वैनीने तिला विचारलं, पैल तडीक कोण गो?

शर्मिष्ठाने घाबरून हेडफोन काढून ठेवले.

जरा वेळाने पुन्हा लावले. मग त्या दिवशी ती तेच ऐकत बसली. चहाही करायचा राहिला.

गाणं पूर्ण झालं तेव्हा ते तिने वैनीला पाठवून दिलं. काही लिहिलं नाही. तू नाही आलीस तरी अडलं नाही, असंच काहीतरी त्यात होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन ती पाय धूत होती, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दिव्या होती, डोळे लाल.

"मावशी, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"काय गं?"

"आईंच्या आवाजातलं गाणं. आमच्याकडे एकसुद्धा नाहीये. फोन चाळले, लग्नाची सीडी बघितली, कुठेच त्यांचं गाणं नाही. आई कालपासून ऐकतायत. रडतायत आणि परत लावतायत."

शर्मिष्ठाला काही समजेना. "रडूक काय झालं? वैनी कुठेय?"

दिव्याने फोन वळवला. वैनी पलंगावर बसली होती. वाळली होती. गळ्याभोवती मऊ ओढणी गुंडाळली होती. ती काहीतरी बोलली. ओठ हलले, आणि कागद चुरगळल्यासारखं थोडंसं काही ऐकू आलं.

"गळ्यात गाठ होती," दिव्या म्हणाली. "दिवाळीच्या पाडव्यानंतर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाज जाऊ शकतो म्हणून. बाकी सगळं बरं आहे, पण आवाज नाही आला. आता एवढंच बोलतात. गावाला कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. तुम्हाला तर मुळीच नाही."

वैनीने दिव्याच्या हातातला फोन जवळ ओढला. आता तिचं तोंड पडद्याला अगदी चिकटलं होतं, म्हणून शब्द पोचले. "माझो आवाज खंय गावलो गो तुका? कधीचो तो? चतुर्थीतलो?"

शर्मिष्ठाच्या हातातून पाणी गळत होतं. हो म्हणावं, असं तिला वाटलं. म्हणायला काहीच लागणार नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वीची चतुर्थी, कोणाच्या तरी मोबाइलमध्ये होतं, म्हणून सांगितलं असतं तर वैनी जन्मभर ते ऐकत राहिली असती. दिव्या मागून म्हणत होती, "अजून असतील तर पाठवा ना मावशी. पिल्लूला मोठी झाल्यावर ऐकवता येतील." आणि अजून करता आली असती. तिला आता ते येत होतं.

वैनी तिच्याकडे बघत होती. वीस वर्षं शर्मिष्ठाने ओळ सोडण्याआधी ती अशीच बघायची.

"वैनी, तो तुझो आवाज नाय," शर्मिष्ठा म्हणाली. "मी म्हटलंय. तुझ्यासारखा करून म्हटलंय. तू काय धाडूक नाय, माका राग इलो, म्हणान."

वैनीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू उतरत गेलं. मग पडद्यावर छत दिसलं, पंखा दिसला, आणि कॉल बंद झाला.

शर्मिष्ठाने फोन केला नाही. करून काय बोलणार? शाळेत ती मुलांना धडा वाचून दाखवायची आणि वाचता वाचता ओळ हरवायची. वैनीने एकटीने आवाज घालवला होता, आणि इथे ती रुसून बसली होती. एवढंच करून थांबली असती तरी बरं होतं. वरून त्याच आवाजाची नक्कल करून ती तिलाच पाठवली होती. घरी आल्यावर ती ओटीवर बसायची. समोरच्या कुलपाकडे बघवत नसे, म्हणून तोंड परसाकडे करायची. लॅपटॉपला तिने हात लावला नाही.

एका संध्याकाळी वैनीकडून आवाजाचा निरोप आला. शर्मिष्ठाने फोन कानाला घट्ट लावला. आधी नुसता श्वास. मग वैनीची ती चुरगळलेली कुजबूज, थांबत थांबत.

"शर्मू. बरा केलंस खरा सांगलंस ता. दोन दिस माका जेवण गेला नाय. मगे परत आयकलंय. गो, माझो 'गो' येवढो नाकात नसता! म्हशीसारखो केलंस. आणि दुसऱ्या कडव्यात तू माझ्या आवशीचे शब्द चुकवलंस. 'वल्ला' नाय, 'वलो' म्हणूचा. ता कोण सांगतला तुका माझ्याशिवाय?"

शर्मिष्ठा हसली. तिने लगेच बोलून पाठवलं, "तूच सांग मगे. सगळी सांग. तुझ्या आवशीची सगळी गाणी."

वैनी सांगू लागली. बोलताना दम लागायचा, म्हणून थोडं थोडं. कधी दोन ओळी, कधी नुसती एका शब्दाची दुरुस्ती. चाल सांगायला आवाज नव्हता, तर ती बोटांनी पलंगाच्या लाकडावर वाजवून दाखवायची आणि वर की खाली ते शब्दांत सांगायची. शर्मिष्ठा म्हणून पाठवायची. वैनी पुन्हा चूक काढायची. आता शर्मिष्ठा आपल्याच गळ्याने म्हणत होती. दुसरा गळा तिने पुन्हा काढला नाही.

मग तिला वाटलं, वैनीची कुजबूजच ट्रॅकवर घ्यावी. विचारणारी ओळ तिने नुसती बोलावी. वैनीने नाही नाही म्हणत पाठवली. तिच्यात पुण्याच्या पंख्याची घरघर होती, रस्त्यावरचे हॉर्न होते. शर्मिष्ठाने नेहमीची युक्ती केली, घरघर पुसली आणि ऐकलं. घरघर गेली होती, आणि वैनीही गेली होती. यंत्राच्या लेखी ती कुजबूज आणि पंखा एकाच जातीचे. शर्मिष्ठाने झटक्यात 'अन्डू' दाबून पुसलेलं परत आणलं.

"दिव्या," तिने फोन केला, "तुझ्या घरात कपड्यांचं मोठं कपाट आहे?"

"आहे. का हो?"

"आईंना त्यात बसव. पंखा बंद कर. साड्या लोंबकळत असू देत. फोन तोंडाजवळ धर, पण श्वास लागणार नाही असा, जरा बाजूला."

"कपाटात?" दिव्या म्हणाली. मग मागून ती कोरडी कुजबूज आली आणि दिव्या हसायला लागली. "मावशी, त्या म्हणतायत, माका काय आता कपाटात घालतंस?"

ओळ आली ती स्वच्छ होती. लहान, खरखरीत, पण एकेक अक्षर सुटं. शर्मिष्ठाने ती ट्रॅकवर ठेवली. पुसायचं काही नव्हतं. फक्त जिथे श्वासात शब्द बुडत होता, तिथे तो हाताने थोडा थोडा वर उचलायचा होता. हे किचकट काम, त्यात तिचे दोन रविवार गेले. ट्रक थांबायची वाट बघावी लागली नाही, कारण यात माइकचं काम नव्हतं. बंदराकडे जाणारे ट्रक खुशाल धडधडत होते, आणि ती हेडफोनमध्ये वैनीचा एकेक शब्द उचलत होती.

गाणं वैनीला आणि दिव्याला पाठवल्यावर वैनीचं उत्तर आलं, की टाळ फार मोठो झालोहा, माका दाबून टाकता. शर्मिष्ठाने टाळ कमी केला.

"गावाक कधी येतलंस?" तिने विचारलं.

या वेळी उत्तर लिहून आलं. डॉक्टर अजून प्रवास नको म्हणतात. घराची चावी तुझ्याकडेच असू दे, वाळवी बघत जा.

शर्मिष्ठाने चावी घेतली आणि पलीकडे गेली. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडावं लागलं. आत कुबट वास होता. तिने खिडक्या उघडल्या, भिंतीच्या कडेने वाकून वाळवीची माती बघितली, झाडू शोधून सगळं झाडून काढलं. मग जरा वेळ ओटीवर बसली. वरच्या वाटेने कोणी जात नव्हतं. पुढचं गाणं कुठलं घ्यायचं ते वैनीने अजून सांगितलं नव्हतं. उद्या मंगळवार, पूर्वीचा भजनाचा वार, पण शाळा सुटायला उशीर होणार होता. अंधार पडायच्या आत तिने खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि ती आपल्या घरी आली.